झुंबरतात्यांनी हात मागे घेतला

वालचंदनगरजवळच्या वस्तीवर झुंबरतात्या चाळीस वर्षं हाडं बसवत आले होते. खांदा निखळलेले पैलवान, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली माणसं, सगळ्यांची पहिली धाव त्यांच्याच ओट्याकडे. नुसत्या बोटांनी तात्यांना हाड कळतं, असं लोक म्हणत. हळूहळू तात्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

बारा वर्षांची राजनंदिनी महिनाभर लंगडत होती. अंगानं जाड, त्यात लंगडणं. शाळेत पोरी हसायच्या. कुठं दुखतं विचारलं की ती गुडघा दाखवायची. तात्यांनी दोनदा गुडघा चोळून दिला. फरक पडला नाही.

त्या सोमवारी सकाळी पायरी उतरताना तिचा तोल गेला आणि मग पाय टेकवेचना. एमआयडीसीत कामाला जाणारा तिचा बाप विशाल तिला उचलूनच घेऊन आला. मागं आई सुप्रिया, रडवेली.

तात्या तेलाची वाटी घेऊन बसले, आणि थांबले. पोरीचं पाऊल बाहेरच्या अंगाला कललं होतं. तो पाय दुसऱ्याहून आखूड दिसत होता. त्यांनी गुडघा चाचपला, ती गप्प. जांघेकडं नुसता हात नेला, तशी ती किंचाळली.

तात्यांनी हात मागे घेतला. दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. खुब्याचं होतं.

"तात्या, वढून बसवा की एकदाचं," विशाल म्हणाला.

"न्हाय. वढायचा न्हाय."

"आवं, पन तुमी असताना..."

"माजं चुकलं, इशाल. हे माज्या हातचं न्हाय. गाडी बोलव. पाय खाली टेकू दिऊ नगंस."

पिकअपमध्ये गादी टाकून तिला निजवलं. बारामतीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला ती आईचा दंड आवळायची, आणि समोर बसलेले तात्या मान खाली घालायचे.

दवाखान्यात खुब्याचा एक्सरे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला. "मांडीच्या हाडाला वर हा गोळा असतो. वाढत्या वयात गोळा आणि हाड यांच्यामध्ये मऊ थर असतो, हाड तिथूनच वाढतं. त्या थरावरून गोळा घसरलाय. दुखणं खुब्यात, पण कळ गुडघ्यात येते. म्हणून फसगत होते. पाय कुणी ओढला का?"

विशालनं तात्यांकडे पाहिलं.

"वढला न्हाय," तात्या म्हणाले. "पर गुडघा मी चोळला. दोनदा. त्यात महिना गेला."

"ओढला असता तर गोळ्याचा रक्तपुरवठा आणखी तुटला असता. रक्त न मिळून गोळा मरायचा धोका अजूनही आहे."

त्याच दिवशी स्क्रू घालून गोळा जागेवर धरला. गोळा जगेल की नाही, हे कळायला कित्येक महिने लागणार होते. दर तपासणीला तात्या सोबत जायचे आणि दाराबाहेर बसायचे. सुप्रिया त्यांच्याशी बोलत नसे.

वर्षानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळा जगलाय. पाय किंचित आखूड राहील. दुसऱ्या खुब्याचा गोळाही घसरू शकतो, वाढ थांबेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

बाहेर येऊन सुप्रियानं पहिल्यांदा विचारलं, "तात्या, च्या घेनार का?"

तात्या मान डोलावून तिच्या मागं चहाच्या टपरीकडे निघाले.