पुढे जड, मागे हलकं

"मिस्त्री, मशीन मारोतीनं मोडलं एवढं तुमी तोंडानं म्हणा, मी त्याला आत्ताच गावाकडं लावतो," अण्णा म्हणाले.

देवगाव फाट्याजवळ अण्णांचं लॉन्स आहे. लग्नकार्यासाठी भाड्याने द्यायचं हिरवळीचं मैदान. संध्याकाळी तिथे साखरपुडा होता आणि सकाळी अकरा वाजता अर्धं गवत कापलेलं, अर्धं घोट्याच्या वर. मधोमध गवत कापायचं मशीन. इंजिन जोरात, पण मशीन जागचं हलायला तयार नाही.

मारोती तिथला माळी. राणीसावरगावचा. दरवर्षी नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. यंदा पहिल्यांदा टोळीच्या मुकादमाला नकार देऊन तो इथे टिकला होता आणि पोरीला फाट्यावरच्या शाळेत घातलं होतं. टोळीची गाडी दोन दिवसांनी निघणार होती. अण्णांनी हाकललं तर तिच्यात चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि शाळा तिथेच संपली असती. तो नुसता कपाळाचा घाम पुसत होता.

मी बोरी गावात फवारणी पंप आणि असली मशीनं दुरुस्त करतो. आठ दिवसांपूर्वी या मशीनची सर्व्हिसिंग मीच केली होती. त्यामुळे चूक मारोतीची असणार, याची खात्री मला अण्णांपेक्षाही जास्त होती.

मशीन सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे ढकलावं न लागणारं. हँडलवरची दांडी दाबली की केबल ओढली जाते. केबलने पट्टा ताणतो, पट्टा गिअरबॉक्स फिरवतो, गिअरबॉक्स मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांमधला दांडा, फिरवतो आणि चाकं आपोआप पुढे निघतात. माणसाने मागून जेवणानंतर शतपावली घातल्यासारखं चालायचं. मशीन हलत नसेल तर बिघाड याच रस्त्यात कुठेतरी असतो.

मी बाह्या सरसावल्या. आधी केबल. थोडी ढिली निघाली. "बघा अण्णा!" म्हणत कसली. मशीन हललं नाही.

मग पट्टा. स्पार्क प्लगची टोपी काढली, कारण खाली पातं असतं आणि मला बोटं अजून लागतात. पट्ट्याच्या खोबणीत गवत अडकलेलं. "मारोती, मशीन हाय का कडबा कुट्टी? किती कोंबतोस!" गवत काढलं, टोपी बसवली, इंजिन चालू केलं. मशीन हललं नाही.

आता मला चेव आला. इंजिन बंद करून अॅक्सलवर खडूने रेघ मारली. पुन्हा चालू करून दांडी दाबली आणि वाकून पाहिलं. रेघ गरगर फिरतेय आणि चाकं ढिम्म! आतून टिक-टिक-टिक आवाज.

"सापडलं!" मी ओरडलोच. "जोर अॅक्सलपर्यंत येतोय, चाकात जात न्हाई. आतल्या गिअरचे दात झिजले. ढकलून ढकलून झिजवले यानं!"

"ऐकलं का?" अण्णा मारोतीकडे वळले.

मारोतीने मशीन बंद केलं, मागे ओढलं, पुढे ढकललं. मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, एक इचारू? मागं वढलं की लय हलकं जायलंय. पुढं मातर दगडावानी. तुमी सर्व्हिसिंग केली तवापासून असंच करायलंय. फोन केला व्हता की म्या."

केला होता. आणि मी म्हणालो होतो, "नवीन सर्व्हिसिंग हाय, चार दिवस जड जाणारच!" असा कुठलाही नियम जगात नाही. मी जेवत होतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. ते ऐकून या माणसाने आठ दिवस ते लोखंड अंगाच्या जोरावर ढकललं होतं.

'मागं हलकं' म्हटल्यावर मला उलगडा झाला. सायकलचं फ्रीव्हील आठवा. पायडल पुढे मारलं की चाक फिरतं, उलटं मारलं की नुसतं टिक-टिक. या मशीनच्या दोन्ही मागच्या चाकांत तसाच एकेक छोटा गिअर असतो. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दिसायला जुळे भाऊ. अदलाबदल झाली की पुढे जाताना नुसती टिक-टिक आणि ढकलायला जड. मागे मात्र हलकं.

चाक खोललं. दात कोरे करकरीत.

"झिजले ना?" अण्णांनी विचारलं.

एक "हो" पुरला असता. गिअर गुपचूप बदलले असते, मशीन चाललं असतं, माझं नाव राहिलं असतं. खरं सांगतो, पाना शोधायच्या निमित्ताने मी दोनदा पिशवीत तोंड घातलं. पण मारोती समोरच चाक धरून बसला होता. हाताला फोड आले होते.

"अण्णा, दात शाबूत हायेत," मी म्हणालो. "डावा गिअर उजवीकडं अन् उजवा डावीकडं बसलाय. बसवणारा मी."

"बसवल्यावर चालवून न्हाई पाहिलं?"

"इंजिनाचा आवाज ऐकला. एक नंबर होता."

अण्णांनी मान वळवली. "मारोती, हे मिस्त्री कोनी आनलं रे?"

"तुमीच आनलं की, अण्णा."

वीस मिनिटांत गिअर जागेवर गेले. मारोतीने दांडी दाबली आणि मशीन जे सुटलं! तो मागून अक्षरशः पळत होता, हसत होता. मी टाळ्या वाजवल्या.

"थांब मारोती," अण्णांनी हाक मारली. "तू सावलीत बस. राहिलेलं मिस्त्री कापतील."

दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करता करता आयुष्य गेलं, पण ओळीत गवत मी कधी कापलं नव्हतं. मारोती झाडाखालून "मिस्त्री, डावीकडं! तुमचं डावं, मशीनचं न्हवं!" असं मार्गदर्शन करत होता. मध्येच मुकादमाचा फोन आला, तेव्हा "यंदा जमत न्हाई, साहेब. हितं एक नवीन माणूस शिकवायला घेतलाय," म्हणाला.

माझ्या बाजूच्या रेघा सापासारख्या गेल्या. संध्याकाळी मुलीकडच्यांनी विचारलं, ही डिझाइन आहे का? अण्णा "हो" म्हणाले.

तक्रारीचा फोन आला की हल्ली मी पहिला संशय स्वतःच्या कामावर घेतो. त्याने निम्मं निदान तिथेच होतं. उरलेल्या निम्म्यातही बहुतेक वेळा मीच सापडतो.