दहाव्या चित्रातले दोन शिलेदार

“घे ब्रश. तुझ्याच हातानं पुस.”

साहेबांनी पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या पायाशी आदळला. शारजा, अल मजाजमधला त्यांचा फ्लॅट. शुक्रवारची दुपार. जेवायला आलेली वीसेक मराठी माणसं, ताटं हातात धरून बघत होती.

साहेबांचं दुबईत, रास अल खोरला साइनबोर्डचं वर्कशॉप होतं. मी तिथला पेंटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी माझ्याकडून एका कादंबरीवर दहा चित्रं काढून घेतली. घराघरांत असते ती कादंबरी. किल्ले, घोडे, लढाया. नऊ चित्रांवर साहेब खूश होते.

दहाव्यात दोन शिलेदार. उद्या लढाई. एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर, दुसऱ्याची बोटं त्याच्या केसांत. कादंबरीत ते एकमेकांसाठी जीव देतात. शाळेत असताना ते पान मी चुरगळेपर्यंत वाचलं होतं. मला मुलगे आवडतात, हे मला तिथंच कळलं.

“जिवलग आहेत ते, साहेब.”

“जिवलग असे बसतात? बायल्या! आमच्या शूरांना स्वतःसारखं केलंस?”

कुणीतरी हसलं. मग सगळेच.

त्यांची कॉलेजातली मुलगी म्हणाली, “बट बाबा, इट्स ब्यूटिफुल.”

“तू आत जा.”

मी ब्रश बुडवला. हो, बुडवला. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता. हात कॅनव्हासपर्यंत गेला. एक थेंब शिलेदाराच्या पागोट्यावर पडला.

आणि हात थांबला. रूमवरच्या पोरांना मी मुलींच्या खोट्या गोष्टी रचून सांगायचो. फोनवर आईला म्हणायचो, लग्नाचं पुढच्या वर्षी बघू. आयुष्यात एकच खरी गोष्ट केली होती. तीही पुसायची?

ब्रश खाली ठेवला. “नाही पुसणार.”

“व्हिसा कोणाचा आहे, विसरलास?”

“कॅन्सल करा. आणि हो, मी तसाच आहे.”

हसणं बंद झालं. चित्र साहेबांना स्वतःच फाडावं लागलं. कॅनव्हास जाड होता. वेळ लागला. सगळ्यांनी पाहिलं.

“खलास,” ते धापा टाकत म्हणाले.

आठवड्यात मला भारतात परत पाठवलं. आईनं मुलगी बघून ठेवली होती. मी चपला काढायच्या आधीच सांगितलं, लग्न करणार नाही. कारणही सांगितलं. तिनं तोंड फिरवलं, अजून नीट बोलत नाही. मी तिची समजूत घालत बसलो नाही. माझ्या भीतीपायी कुणाच्या पोरीचं आयुष्य नासवणार नाही. खोटं बोलून आता कुणाच्याच घरात राहणार नाही. आईच्यासुद्धा.