माळीकाका

माझ्या धाकट्या भावाला रडायला फार छान येतं. घरी नाही हं, माइक हातात आला की. आधी आवाज जाड होतो, मग चष्मा निघतो, मग रुमाल. देवानं आपलं पाप कसं माफ केलं हे मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला आमच्या ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणतात. साक्ष देणं चांगलंच. पण आमच्या दिवट्यानं तिचा नुसता बाजार मांडला होता.

त्याचं पाप काय, तर ऐका. आमचे बाबा चर्चचे माळी. अख्खं आयुष्य त्या आवारातले गुलाब आणि शेवंती सांभाळण्यात गेलं, त्यावरच आम्ही दोघं शिकलो. भाऊ कंपनीत साहेब झाला, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. घराच्या समर्पणाची प्रार्थना झाली आणि संध्याकाळी ऑफिसची मंडळी जेवायला आली. बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, शर्ट धुतलेला, पण कॉलर उसवलेली. भावाच्या वरच्या साहेबांनी सहज विचारलं, "हे कोण?"

"चर्चचे माळीकाका," भाऊ म्हणाला. "बाल्कनीत झाडं लावायला आलेत."

मी पुलावाचं पातेलं हातात घेऊन तिथंच उभी. बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग उठले, बाल्कनीत गेले आणि खरंच कुंड्या भरायला बसले. का, तर पोराचं खोटं उघडं पडू नये! काम झाल्यावर हात धुतले आणि न जेवता रिक्षानं घरी गेले.

यावर शहाणा माणूस काय करेल? बापाचे पाय धरेल. यानं थेट देवाला गाठलं. एका प्रार्थनासभेत उभा राहिला आणि म्हणाला, "शिष्य असून पेत्रानं जिवाच्या भीतीनं प्रभूला ओळख दाखवली नाही. मी तर बापाला ओळख दाखवली नाही. तरी प्रभूनं मला जवळ घेतलं!" हालेलुया, टाळ्या, सगळीकडे रुमाल. मग दुसरी सभा, तिसरी सभा, मालेगावहून बोलावणं, आणि शेवटी आमचंच चर्च. बाबा मागच्या बाकावर ऐकत होते. जे घरात होतं ते आता गावभर झालं. बाहेर बायका त्यांना म्हणतात कशा, "नशीबवान आहात हो, किती नम्र मुलगा!" नम्र म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर चर्चच्या कमिटीनं त्याला प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या विधीचा, प्याला धरायला नेमलं. पाळकसाहेब भाकर देत पुढे, हा प्याला घेऊन मागे, तोंडावर भाव असा की स्वर्गाची किल्ली याच्याच खिशात आहे.

आणि बाबा? बाबा बाकावरून उठेनातच. मनात कुणाबद्दल अढी असेल तर प्रभुभोजनाच्या कठड्यापाशी जायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. अंगात ताप असला तरी प्रभुभोजन न चुकवणारा माणूस महिनोन् महिने मान खाली घालून बसून राहायला लागला. "चला ना बाबा," म्हटलं की म्हणायचे, "नाही जमत गं. अजून दुखतं." वय झालेलं, चार पावलं टाकली की दम लागायचा. हे असेच प्रभुभोजनावाचून गेले तर, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा.

शेवटी मी भावाच्या घरी जाऊन उभी राहिले. "प्याला कुणाकुणाला देतोस ते बघतोस तरी का रे? बाबा कधीपासून पुढे आलेले नाहीत."

त्याला पत्ताच नव्हता! "अगं ताई, प्रभूनं मला माफ केलंय. जुनं कशाला उकरतेस?"

"प्रभूनं केलं असेल. बाबांना विचारलंस का, निर्लज्जा? साऱ्या जिल्ह्याला सांगून झालं, एक बाप सोडून!"

ही एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. साहेब म्हणे!

दुसऱ्या दिवशी आला. बाबा अंगणात गुलाबाला आळं करत होते. हा बुटांसकट मातीत उभा राहिला, घसा खाकरला. "बाबा, प्रभूनं माझ्या जीवनात..."

"प्रभूचं राहू दे," बाबा मान वर न करता म्हणाले. "तू बोल."

भाऊसाहेबांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला आणि तसाच परत आला. मग म्हणाला, "बाबा, मला तुमची लाज वाटली होती."

"माहितीय."

"चुकलं माझं. माफ करा."

बाबांनी खुरपं खाली ठेवलं. "मला तुझा किती अभिमान वाटायचा रे," म्हणाले. मग तसल्याच मातीच्या हातांनी त्यांनी त्याला जवळ ओढलं. या वेळी त्याचं रडणं अजिबात छान नव्हतं. नाक वाहत होतं, आवाज फाटला होता.

पुढच्या प्रभुभोजनाला बाबा उठले. बाकांना धरत धरत कठड्यापर्यंत गेले, गुडघे टेकले. भावानं प्याला त्यांच्या ओठांना लावला. बाबा प्यायले आणि कितीतरी वेळ तिथून हललेच नाहीत.

शेजारची बाई मला कोपरानं डिवचत होती, "जा ना गं, सगळे जाऊन आले." बाबांनी माफ केलं, ठीक आहे, त्यांचा मुलगा आहे तो. मला तो त्या दिवशीही डोळ्यांसमोर नको होता. परतताना बाबा माझ्यापाशी थांबले, नुसता डोक्यावर हात ठेवला. भाऊ प्याला घेऊन माझ्या बाकाकडे बघत उभा होता. मी उठले नाही.