भाऊजींचं ‘ठीकच’

माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून कुणाचं कौतुक बाहेर पडल्याचं आमच्या घरात कुणालाही आठवत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी जीव ओतून स्वयंपाक केला होता. सगळे मन लावून जेवत होते. मी मोठ्या आशेनं विचारलं, "भाऊजी, कसं झालंय?" ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "ठीकच." माझा चेहरा खर्रकन उतरला. सासूबाई माझ्या मागोमाग ओट्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं ना? मग झालं तर. याच्या ‘ठीकच’ला उत्तम समजायचं."

चारचौघांच्या बोलण्यात ‘ठीकच’ म्हणजे बेताचं, नाइलाजानं चालवून घ्यावं असं. भाऊजींच्या तोंडी मात्र तो शब्द म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. मुलगी पहिली आली, ठीकच. नवीन घराला रंग दिला, ठीकच. त्यांच्या स्वतःच्या लग्नात कुणीतरी विचारलं, नवरी कशी वाटली, तर तिथेही ठीकच. आमची जाऊ अजून त्यावरून त्यांना टोमणे मारते. शेजारपाजारची पोरं त्यांना तोंडावर ‘ठीकच काका’ म्हणायची आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी मूळची फटकळ. माणसानं चांगल्याला चांगलं म्हणायला काय हरकत आहे, असं मी दर चार दिवसांनी त्यांना सुनवायची. ते हसायचे आणि चहा मागायचे.

त्यांची नोकरीही त्यांना शोभेल अशीच होती. नदीवरच्या मोठ्या पुलाच्या कंपनांवर नजर ठेवायची. पूल जिथे रस्त्याला मिळतो, तिथे उताराच्या पोटात एक बुटकी खोली होती. एक खिडकी, एक पंखा, एक फोन आणि भिंतीला लागून संगणकाचे पडदे. पुलाच्या प्रत्येक खांबावर कंपनं मोजणाऱ्या, जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या बसवलेल्या होत्या आणि खांब जसा थरथरेल तशी त्याची रेघ पडद्यावर थरथरायची. पूल सारखाच हलत असतो हे मला त्या खोलीतच कळलं, आणि नंतर कितीतरी दिवस मी पुलावरून जाताना बसची दांडी घट्ट धरून बसायची. हलण्याचं भय नसतं, भाऊजींनी मला समजावलं होतं. मोठी गाडी गेली की पूल झुलतो आणि पुन्हा जागेवर येतो. तो किती भरभर झुलतो, किती लवकर शांत होतो, यावरून तो आतून घट्ट आहे की ढिला, ते समजतं. मी घरी शिवणकाम करते. पक्की शिवण आणि उसवायला आलेली शिवण नुसती ताणून बघितली तरी हाताला कळते, तसंच हे असावं असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

माझे यजमान त्याच पुलावरून बस चालवायचे. सकाळी पहिल्या फेरीला खोलीजवळून जाताना हॉर्न वाजवून ओरडायचे, "काय रे, नाडी बघितलीस का?" भाऊजी खिडकीतून हात हलवायचे. त्याच सुमाराला मोठ्या साहेबांचा फोन यायचा, "काय म्हणतोय पूल?" भाऊजी सांगायचे, "ठीकच." साहेब हसून म्हणायचे, "म्हणजे उत्तम," आणि फोन ठेवायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

भूकंप झाला तो भर दुपारी. मी मशीनवर बसले होते. पायाखालून कुणीतरी जमीन ओढल्यासारखं झालं, मशीन आपोआप सरकत भिंतीला जाऊन लागलं, फळीवरची रिळं गडगडत खाली आली. मी मुलीचा हात धरून रस्त्यावर धावले. थोड्या वेळानं सगळं थांबलं. आमच्या भागात दोनचार भिंतींना तडे गेले, बाकी काही नाही. सगळे जण एकमेकांना, वाचलो बाबा, असं म्हणत होते. मीही म्हणाले.

भूकंपानंतर पुलाची दोन्हीकडची फाटकं बंद करायची, असा नियम होता. भाऊजींनी रेघा बघून साहेबांना फोनवर सांगायचं आणि साहेबांनी फाटक उघडायला परवानगी द्यायची. त्या दिवशी फाटकाशी गाड्यांची ही रांग लागली होती. घरी पोचायला सगळे उतावीळ झालेले. रांगेत सगळ्यात पुढे यांची बस होती.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतोय पूल?"

भाऊजी म्हणाले, "बाकीच्यांच्या रेघा जागेवर आल्या. तिसरा खांब ठीकच आहे. मी खाली उतरून बघतो."

तिसऱ्या खांबाची रेघ नेहमीपेक्षा सावकाश झुलत होती. भाऊजींना तो बिघडला असावा अशी शंका आली होती, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय बिघडला म्हणायला ते धजले नाहीत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द जगाला समजतो त्या अर्थानं वापरला. साहेबांनी मात्र तो भाऊजींच्या अर्थानं ऐकला. म्हणजे उत्तम. खाली उतरून बघणं ही नुसती खातरजमा असेल, असं समजून त्यांनी फाटक उघडायला सांगितलं.

भाऊजी लोखंडी शिडीनं तिसऱ्या खांबाच्या माथ्याशी पोचले, तेव्हा त्यांना दिसलं की वरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा, एका बाजूनं आपल्या बैठकीवरून घसरलाय आणि सांध्यात पायरी पडलीये. त्याच वेळी डोक्यावर बसचा आवाज ऐकू आला. तो आवाज ते रोज ऐकत होते. ते ओरडले. पुलाखालून मारलेली हाक पुलावर ऐकू जात नाही.

बसचं पुढचं चाक त्या पायरीवर आपटलं आणि बस कठड्यावर गेली. प्रवाशांना खरचटलं, मुका मार लागला, एकाचा हात मोडला. हे जागच्या जागी गेले.

चौकशी झाली. साहेब म्हणाले चूक माझी, भाऊजी म्हणाले चूक माझी. शेवटी चौकशीवाल्यांनी निरोप देण्याच्या पद्धतीला दोष दिला आणि नवा नियम केला. यापुढे त्या खोलीतून दोनच शब्द बाहेर जायचे, ‘उघडा’ नाहीतर ‘बंद’. ऐकल्यावर माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढा साधा नियम सुचायला माझा माणूस जावा लागला.

भाऊजी रोज यायचे. मशीनचा पट्टा नीट करून द्यायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे, दाराशी घुटमळायचे. मी त्यांना चहा द्यायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. लोक म्हणायचे, बाई समजूतदार आहे, दिराशी धरून आहे. समजूतदार कसली? भांडी घासताना माझ्या मनात एकच यायचं, या माणसाच्या जिभेला कधी सरळ बोलता आलं नाही, आणि भोगलं कुणी? भाऊजींनाही ते कळत होतं. त्यांनी बोलणंच कमी केलं. ‘ठीकच’ हा शब्द तर आमच्या घरातून कायमचा गेला.

पुढे पुलाची दुरुस्ती झाली. जॅक लावून गाळे उचलले, गंजलेल्या लोखंडी बैठका काढून रबर आणि पोलादाच्या थरांच्या जाड गाद्या बसवल्या. जमीन हलली तरी वरचा पूल या गाद्यांवर झुलत राहील आणि घसरून पडू नये म्हणून बाजूंनी अटकाव केलेत, असं वर्तमानपत्रात चित्रासकट आलं. भरलेले ट्रक पुलावर उभे करून, पळवून, ब्रेक मारून चाचण्या झाल्या. सगळं मनासारखं झालं. आता भाऊजींनी ‘उघडा’ म्हणायचं तेवढं बाकी होतं.

ते म्हणाले, अजून एकदा बघू. पुन्हा ट्रक आले. मग म्हणाले, थंडी पडू दे, थंडीत एकदा बघू. थंडी आली आणि गेली. लोक लांबच्या वळशानं जात होते आणि भाऊजींच्या नावानं बोटं मोडत होते. त्या वळशापायी हॉस्पिटलात पोचायला उशीर होऊन एक म्हातारा मरता मरता वाचला.

मग एके दिवशी साहेब माझ्याकडे आले. कपड्यांच्या ढिगाशेजारी अवघडून बसले. म्हणाले, "बाई, त्याच्या जागी दुसरा माणूस बसवणं माझ्या एका सहीचं काम आहे. वरून रोज विचारणा होते. या आठवड्यापर्यंत मी थोपवू शकतो. पण त्याला उठवला, तर तो कायमचा संपला. मी बोलून थकलो. तुम्ही एकदा बघा."

"मी का?" मी फटकन विचारलं.

"तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार?" एवढंच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत गेले. यांच्यानंतर पहिल्यांदाच. भाऊजी पडद्यासमोर बसले होते. मला बघून धडपडत उठले, स्टूल पुसून पुढे केलं. मी बसले. पडद्यावर खांबांच्या रेघा जेमतेम हलत होत्या. रिकाम्या पुलावरून नुसता वारा जात होता.

"भाऊजी, त्या दिवशी तिसऱ्याची रेघ वाईट होती?"

"हो."

"आज?"

"आज नाही."

"मग सांगत का नाही तसं?"

ते दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले. "वहिनी, शब्द तोंडातून गेला की कुणाच्या कानात तो काय होऊन बसेल, सांगता येत नाही. मी फोन उचलतो. परत ठेवतो. वाटतं, पुन्हा दादाच गाडी घेऊन येतोय."

मला रडू येत होतं, पण मी रडले नाही. मी म्हणाले, "तुम्हाला मला एक विचारायचंय आणि तुम्ही ते विचारत नाही. तुमच्यामुळे हे गेले असं मला वाटतं का, हेच ना?"

त्यांनी मान खाली घातली.

"वाटत होतं. खूप दिवस वाटत होतं. तुम्ही दारात आलात की तुम्हाला हाकलून द्यावंसं वाटायचं. आता तसं वाटत नाही. का ते विचारू नका, मलाच माहीत नाही. पण भाऊजी, तेव्हा तुम्ही वाईटाला वाईट म्हणाला नाहीत. आज चांगल्याला चांगलं म्हणत नाही. ही दोन्ही सारखीच. त्या वळशाच्या रस्त्यावर उद्या कुणी गेलं, तर त्याच्या बायकोला मी काय सांगू?"

बाहेर कुणीतरी सायकलवरून फाटकापर्यंत आलं, ‘पूल बंद’ची पाटी बघितली आणि परत फिरलं. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं. मग फोन उचलला.

"साहेब, पूल चांगला आहे. उघडा."

मग साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला, "काय म्हणालास?"

"चांगला आहे," भाऊजी म्हणाले. "सगळे खांब चांगले आहेत. तिसरा चांगला आहे. पूल चांगला आहे. उघडा."

फोन ठेवला आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असा हात मी त्यांच्या पाठीवर पूर्वी कधी ठेवला नव्हता.

पहिली बस आली तेव्हा आम्ही दोघं तिच्यात चढलो. मी ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसले. अख्खी बस रिकामी होती तरी भाऊजी दांडी धरून उभेच राहिले. बस पुलावर चढली. एक खांब गेला, दुसरा गेला. मी डोळे मिटले, दात आवळले आणि धक्क्याची वाट बघत राहिले. ड्रायव्हर आपल्याच नादात शीळ घालत होता.

"आला का तिसरा?" मी विचारलं.

"मागे गेला, वहिनी."

मी डोळे उघडले. समोर पलीकडचा रस्ता होता, दुकानं होती, फाटकाशी उभी माणसं होती. चाक अडलं नव्हतं, खिडकीची काचसुद्धा वाजली नव्हती. पलीकडे पोचायचं म्हणजे इतकंच होतं. इतकं साधं यांच्या वाट्याला आलं नाही, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं आणि मी भर बसमध्ये मोठ्यानं रडायला लागले. ड्रायव्हरनं घाबरून गाडी कडेला घेतली, फाटकाशी उभी असलेली माणसं आत डोकावू लागली. भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले. माझं रडणं पुरं होईपर्यंत त्यांनी कुणालाही मला गप्प करू दिलं नाही.