आतोबांचं बंदर

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या आतोबांनी जन्मभर मान्य केली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं गाव आमच्या गावाला लागूनच, गोदावरीच्या काठी. तिथं दगडी पायऱ्यांचा एक जुना घाट होता आणि त्याला माणसांची पलीकडं ने-आण करणारी एक नाव लागायची. निजामाच्या राजवटीत सारी पंचक्रोशी त्याला 'घाट'च म्हणे. आतोबा मात्र 'बंदर' म्हणत. पैठणहून रेशीम घेऊन आलेली गलबतं इथंच थांबायची, असं ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत. आत्या चुलीपासूनच विचारी, "तवा तुमी कुठं होता?"

"वरच्या पायरीवर!" आतोबा म्हणत.

या बंदराचा एकच वैरी, गाळ. दर पावसाळ्यात गंगामाय खालच्या पायऱ्या गिळायची आणि दसरा झाला की आतोबा फावडं घेऊन त्या परत मागायला जायचे. पण एकटे कधीच नाही. पाहुण्याच्या हातात पाण्याच्या तांब्याआधी टोपली यायची. "सैपाक व्हायलाय, तवर चार टोपल्या काढू!" त्यांचे जावई दिवाळसणाला मुद्दाम जुनं धोतर नेसून येत. एकदा तहसीलदार दौऱ्यावर आले, तेव्हा आतोबांनी आपल्या दखनीत गाऱ्हाणं घातलं, "सरकार, हमारा बंदर लय बीमार हाय. पेट में गाळ भर गया." साहेबांनी आधी शेजारच्या चिंचेवर नजर फिरवली, मग गंभीरपणे म्हणाले, "ढोरों के डॉक्टर को दिखाओ." उर्दूत बंदर म्हणजे माकड, हे मागाहून कळलं तेव्हा आतोबांना साहेबांचीच कीव आली.

माझं लग्न ठरलं पलीकडच्या काठाला, पालमच्या बाजूला. वऱ्हाड खालच्या उथळ पाण्यातून बैलगाड्यांनी येणार होतं. पण आतोबा हटून बसले, "पोरीचं वऱ्हाड बंदरावरच उतरंल." ऐन उन्हाळा. पाणी आटलेलं. पायऱ्या हाकेच्या अंतरावर असताना नाव गाळात रुतली ती हलेचना. नवरदेवाचे वडील नावेतूनच गरजले, "मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी नेतो!" काठावर माझ्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. आतोबा जरीच्या फेट्यासकट गाळात उतरले, मांडीपर्यंत रुतत नावेपाशी पोचले आणि नवरदेवाला पाठ देऊन म्हणाले, "बसा पाव्हणं!" नवरदेव पाठीवर बसला नाही. धोतर खोचून स्वतःच खाली उतरला आणि आधी आतोबांनाच उपसून काढायला लागला. आता नवरदेवच उतरल्यावर वऱ्हाड कसं बसून राहील? व्याहीसुद्धा जोडे काखेत मारून कुरकुरत निघाले. मी तिकडं घरात, हळदीच्या अंगानं, जीव मुठीत धरून बसलेली. आत्यानं धापा टाकत येऊन सांगितलं, "आले गं, चालत आले!" मुहूर्त साधला. अंतरपाटाखालून मला नवऱ्याचे पहिल्यांदा दिसले ते गाळानं माखलेले पाय. मला ते फार आवडले.

पुढं निजामाचं राज्य गेलं, काही वर्षांनी वरच्या अंगाला पूल झाला आणि नाव बंद पडली. मला वाटलं, आतोबा खचतील. भेटायला गेले, तर गाळावर खरबुजाचे वेल पसरलेले आणि आतोबा राखणीला बसलेले. "काढून काढून दमलो. मग म्हटलं, पेरून बघू," ते हसत म्हणाले. आम्ही वरच्या पायरीवर बसून खरबूज खाल्लं. लय गोड होतं. मात्र बोलता बोलता ते मधेच थांबायचे, कान द्यायचे. पलीकडून नावेसाठी कुणी हाक मारतंय का म्हणून. पलीकडं कुणी नसायचं. मग ते माझ्या हातात आणखी एक फोड ठेवायचे.