आईचा उजवा डोळा
धानाच्या मळणीची धूळ नाकात गेली की मला लामता गावातलं आमचं खळं आठवतं. तिथं आईच्या उजव्या डोळ्यात कुसळ घुसलं. दुकानातले थेंब टाकत मी चार दिवस घालवले आणि मग तिला बालाघाटला नेलं. डॉक्टर म्हणाले, “जवळ-दूर पाहताना आतलं भिंग आकार बदलते, बुबुळावरचा पारदर्शक पडदा तसाच राहते. यांचं भिंग चांगलं आहे, पण पडदाच पांढरा पडला.” आईला ते पटेना. डावा डोळा मिटून तिनं माझं तोंड हातांत धरलं, जवळ ओढलं, दूर लोटलं, पुन्हा ओढलं. “हालू नको, दिसशीन तू मले,” ती म्हणत राहिली. मी श्वास रोखून उभी होते. कोणत्याच अंतरावरून मी तिला दिसले नाही. आज ती एका डोळ्यानं सगळं करते. मी मात्र अजून तिच्या उजव्या बाजूला बसत नाही.