भरलेली टाकी

धाकटीसारखा हात अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता. पेन्सिल टेकवली की माणूस उभा! आता दादाची बहीण म्हटल्यावर आणखी काय होणार? दादा म्हणजे गॅसच्या गोदामातला एक नंबरचा गडी. बावीस वर्षं भरलेल्या टाक्या खांद्यावर घेऊन चार-चार जिने चढलेला.

धाकटी एका स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढायची. म्हणजे जाहिरातीची फिल्म बनायच्या आधी तिचे प्रसंग कागदावर चौकटी-चौकटीत मांडायचे. पण आई गेली आणि पोरगी आतून बधिरच झाली. रडली नाही, जेवण सोडलं नाही, नुसती चालती-बोलती राहिली. एके दिवशी साहेब म्हणाले, "चित्रं सुरेख आहेत, पण माणसं खिळे ठोकून उभी केल्यासारखी. ॲनिमेशनचे नियम शिकून घ्या. गॅसवाला टाकी उचलतो तो प्रसंग सोमवारपर्यंत द्या. नाही जमला तर दुसरं काम बघा."

"बरं," म्हणून ती जिना उतरली. नोकरी जाईल याची भीतीसुद्धा वाटली नाही.

तिनं नियम वहीत उतरवले. उडी मारायची तर आधी खाली बसायचं. हात पुढे फेकायचा तर आधी मागे न्यायचा.

"वही कशाला? मी आहे ना जितंजागतं पुस्तक!" दादानं स्वयंपाकघरातली टाकी झटक्यात खांद्यावर घेतली. धाकटीनं बारा चौकटी काढल्या.

शुक्रवारी साहेबांनी त्या पाहिल्या. "ही टाकी रिकामी आहे," एवढंच म्हणाले.

घरी येऊन तिनं कागद पसरले. "दादा, रिकामी उचललीस ना?"

"कोण म्हणतं? तुझा साहेब? पाठव त्याला इकडं, त्यालाच उचलून दाखवतो!"

"तुझा दुसरा हात बघ. वाळत घातलेल्या शर्टासारखा लोंबतोय."

दादानं चित्र पाहिलं. मग खाली बसला. "मणका सरकलाय. सहा महिने झाले. गोदामाच्या दारात बसून पावत्यांवर शिक्के मारतो हल्ली. तुझ्या वहिनीला ठाऊक आहे, पण गल्लीत नको कळायला."

तिला वाईट वाटायला हवं होतं. ती उठून शेगडीखालच्या भरलेल्या टाकीपाशी उभी राहिली. "मला शिकव."

"अगं, नुसत्या हातानं नाही! पाय फाकव. बूड खाली. अंगाशी घे. आता आणखी खाली जा, मग वर ये. श्वास धर, श्वास!"

तिनं एका हातानं टाकी वीतभर उचलली. सगळं ओझं डाव्या टाचेत उतरलं आणि मोकळा हात आपोआप बाहेर फेकला गेला.

"ठेव, ठेव! पायावर पाडशील, भवाने!"

शनिवार-रविवार तेच. उचलायचं, ठेवायचं, काढायचं. तळवे सोलले, तिनं पट्टी बांधली.

सोमवारी साहेबांनी चौकटी दोनदा पाहिल्या. "ह्याची टाच दुखत असणार," ते म्हणाले. "छान. पुढचा प्रसंग घ्या."

तिनं दादाला फोन लावला. "ठेवलं मला."

"ठेवणारच! बहीण कुणाची? आणि ऐक, त्या गड्याला माझ्यासारखी मिशी आहे ना?"

"आहे."

तिकडं दादा कुणाला तरी ओरडून सांगत होता, फिल्ममध्ये मी आहे म्हणून. हसू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग तिनं साहेबांकडून कागद परत मागून घेतले आणि बाराही चौकटींत मिशी काढली.